परत आणून दाखव

मी एका माणसाला त्याचे कान गेले आहेत असं पटवून दिलं. ते गेले नव्हते. चूक माझी होती आणि ती कॉम्प्युटरवर झाली होती. तिथल्या तिथे कबूल केली असती तर काका भडकले असते, आठवडाभर बोलले नसते, आणि मग बहुधा आपणच फोन करून म्हणाले असते, "काय रे, फोन उठावत का नाहीस?" पण मी कबूल केली नाही. मी खोटं बोललो, आणि त्या खोट्याला जागा करून देण्यासाठी त्या माणसाला आपल्या कानांवरचा विश्वास सोडावा लागला. हे मी आजवर माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही.

काका माझे नात्यानं कोणी नव्हेत. ग्वाल्हेरला शिंदे की छावनीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर होतं आणि घराची पुढची खोली म्हणजे त्यांचा स्टुडिओ. गल्लीतले मराठी लोक त्यांना साउंडवाले काका म्हणत, बाकीचे साउंडवाले चाचा. खोलीच्या भिंतींना त्यांनी जुन्या रजया खिळे मारून लावल्या होत्या. घरातली कुठलीही रजई फाटली की ती भिंतीवर जायची. त्यामुळे त्या खोलीत बसलं की एखाद्या मोठ्या अंथरुणात बसल्यासारखं वाटायचं. पंखा नव्हता. ग्वाल्हेरचा मे महिना ज्यानं काढला आहे त्यालाच याचा अर्थ कळेल. काका मानेवर ओला गमछा टाकून बसत आणि गाणारा घामानं निथळत असला तरी सांगत, "पंख्याची हवा मिळेल, पण मग गाणं पंख्याचं रेकॉर्ड होईल. काय पाहिजे ते बोल."

त्यांच्या खोलीत सरळ जाता येत नसे. दारात उभं राहून आधी काहीतरी बोलावं लागे.

"बोल."

"काय बोलू काका?"

"हेच बोललास ते पुरे. दही खाऊन आलास. जा, कोमट पाणी पी, मग ये."

आवाजावरून ते काय काय ओळखत याच्या गोष्टी गल्लीत सांगितल्या जायच्या आणि त्यातल्या निम्म्या तरी खऱ्या होत्या. एकदा मंडळासाठी आरती रेकॉर्ड करायला माझी आई गेली होती. तिनं पहिली ओळ म्हटली आणि काकांनी मशीन बंद केलं. म्हणाले, "वहिनी, तुम्ही घरी कोणावर तरी चिडून आलाय. मशीनमध्ये राग उतरून राहिला आहे. उद्या या." आई खरंच वडिलांशी भांडून गेली होती. घरी येऊन ती हसत हसत वडिलांना म्हणाली, "तुमच्यामुळे माझी आरती नापास झाली." त्या दिवशीचं भांडण तिथेच मिटलं.

आपल्या कानांचा त्यांना गर्व होता. दुसऱ्या कशाचा नव्हता. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आलेले, आणि घरातले पुरुष पिढ्यान् पिढ्या तोफखान्यात. "माझे पणजोबा बहिरे, आजोबा बहिरे, चुलत आजोबा त्याहून बहिरे," ते सांगत. "आमच्या घरात लोकं एकमेकांशी बोलत नव्हते, एकमेकांना हाका मारत होते. तोफांनी आमच्या खानदानाचे सगळे कान खाल्ले. ते व्याजासकट मला एकट्याला परत मिळाले." हे सांगताना ते दोन्ही कानांच्या पाळ्या चिमटीत धरत. नवीन माणूस आला की ही गोष्ट एकदा व्हायचीच. काकू आतून ओरडायच्या, "झाली का तोफ उडवून? चहा घेऊन जा."

काकू गायच्या. त्या कधी स्टेजवर गेल्या नाहीत, कोणाकडे रीतसर शिकल्याही नाहीत. सकाळपासून घरकाम, आलागेला, आणि दुपारी स्वयंपाकघर आवरलं की पदराला हात पुसत त्या पुढच्या खोलीत येत आणि माइकसमोरच्या गादीवर बसत. काका काही न बोलता मशीन सुरू करत. भजनं, जुनी पदं, त्यांच्या माहेरची ओव्यांसारखी काही गाणी, जे सुचेल ते. मी कॉलेजात होतो तेव्हा खिडकीतून ते ऐकलं आहे. आवाज जाडसर होता, गोड म्हणता येणार नाही, पण त्या खोलीत तो अगदी जवळून कोणी आपल्याशीच बोलतंय असा वाटायचा. रेकॉर्डिंगमध्ये मात्र तसा उतरायचा नाही. त्यात गल्लीतला भाजीवाला यायचा, शेजारचा कुकर यायचा, आणि काकूंचा आवाज पत्र्यावर पडल्यासारखा यायचा.

काकू गेल्यावर काकांनी एकच काम हातात घेतलं. त्या सगळ्या दुपारी त्यांनी पुन्हा ऐकायला घेतल्या.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. गाणं रेकॉर्ड करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज जसा आला तसा एका ठिकाणी राहतो. त्यातला कुठला भाग दाबायचा, कुठला उचलायचा, खोलीचा घुमारा किती द्यायचा, मागचा तंबोरा कसा लावायचा, हे सगळं वेगळं ठरवावं लागतं. ठरवलं की ते एका नावानं ठेवता येतं. त्यालाच सेटिंग म्हणतात. पुढच्या वेळी नाव दाबलं की सगळे खटके आपोआप जागेवर येतात. काका प्रत्येक गाणाऱ्यासाठी असं सेटिंग करत आणि त्यांना नावं देत ती गाणाऱ्याची नसत. एका कीर्तनकाराचं सेटिंग होतं 'ओला टॉवेल'. एका शाळेतल्या बाईंचं 'चिवडा'. माझ्या आईचं 'उद्या या'. काकूंच्या सेटिंगचं नाव होतं 'स्वयंपाक झाल्यावर'.

ते सेटिंग करायला त्यांना किती वर्षं लागली मला माहीत नाही. रोज थोडंसं हलवत, ऐकत, पुन्हा हलवत. एके दिवशी मला बोलावून गादीवर बसवलं आणि म्हणाले, "डोळे मीट." मी मिटले. काकू गात होत्या. कुकर नव्हता, पत्रा नव्हता. मी कॉलेजात असताना खिडकीतून ऐकला होता तो आवाज, तेवढाच जवळ. मी डोळे उघडले तेव्हा काका भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"सही आहे?" त्यांनी विचारलं.

"सही आहे काका."

"आता याला हात लावायचा नाही. मीपण नाही."

त्यानंतर रोज दुपारी जेवण झालं की ते नाव दाबत आणि एक गाणं ऐकत. एकच. मग दुसरं काम.

मी तेव्हा एका विमा कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटर बघत होतो, अजूनही तेच बघतो. त्यामुळे काकांचं मशीन कुरकुरलं की मला बोलावणं यायचं. पण बॅकअप ते स्वतः घेत आणि त्यांची रीत जगावेगळी होती. बॅकअप अमावास्येला. कारण विचारलं तर म्हणत, "इथल्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. पण अमावास्येला शुभ काम ना ते करत, ना आपण. त्या दिवशी रेकॉर्डिंगला कोणी फिरकत नाही. मशीन मोकळं, मी मोकळा." अमावास्येला सगळं डिस्कवर उतरवायचं आणि दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला, त्या डिस्कवरून उघडून बघायचं. चंद्रासारखं, एक दिवस बुडायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं. डिस्क ते तांदळाच्या डब्यात ठेवत, म्हणजे ओल लागत नाही. काकू होत्या तोवर भात करताना त्या आधी डिस्क बाहेर काढत.

"ठेवलं म्हणजे राहिलं असं नाही," ते म्हणत. "परत आणून दाखव. आलं, तर राहिलं."

हे वाक्य ते सगळ्यांना लावत. त्यांची मुलगी लहानपणी कविता पाठ झाली म्हणाली की, "परत आणून दाखव." इलेक्ट्रिशियन म्हणाला, "हो गया चाचा," की त्याला मेन स्विच पाडून पुन्हा चढवायला लावत. लग्न ठरल्याची बातमी द्यायला मी गेलो तेव्हा म्हणाले, "छान. मुलीचं नाव सांग. आता पत्ता सांग. आता तिच्या आईचं नाव सांग." मला सासूबाईंचं नाव आठवेना. "बघ," म्हणाले, "ठेवलं नाहीस."

ते जुनं मशीन उन्हाळ्यात आपोआप बंद पडायला लागलं, तेव्हा त्यांच्या मुलीनं इंदूरहून नवीन पाठवलं. सगळं नव्या मशीनवर न्यायचं होतं आणि हे काम आपल्या आवाक्याबाहेरचं आहे हे काकांनी मान्य केलं. मला बोलावलं. अर्थात अमावास्येलाच.

त्याच संध्याकाळी शहराच्या नव्या भागात, सिटी सेंटरला, माझ्या मेहुणीच्या मुलीच्या साखरपुड्याची बैठक होती. अमावास्येला साखरपुडा नाही, पण देण्याघेण्याचं बोलणं चालतं म्हणे. बायकोचे फोन येत होते. मी भराभर काम उरकत होतो. गाण्यांचा सगळा फोल्डर डिस्कवर घेतला, तपासला, आकडे जुळले.

"झालं काका. सगळं घेतलं."

"परत आणून दाखव."

मी डिस्कवरून उघडून दाखवलं. 'स्वयंपाक झाल्यावर' नाव यादीत होतं. दाबलं. काकू गायल्या. काकांनी मान हलवली. मग म्हणाले, "आता नव्यावर आणून दाखव."

"काका, सॉफ्टवेअरचं लायसन एकाच मशीनवर चालतं. जुन्यावरून काढल्याशिवाय नव्यावर चढणार नाही. हेच तिथे दिसेल. दोन्ही सारखंच आहे."

"सारखंच आहे ना?"

"सारखंच."

सारखं नव्हतं. त्या सॉफ्टवेअरमध्ये गाणी एका ठिकाणी राहतात आणि सेटिंगं दुसरीकडे, एका लपलेल्या फोल्डरात. मी गाणी घेतली होती. सेटिंगं घेतली नव्हती. जुन्या मशीनवर तपासताना नाव दिसलं ते डिस्कवरून आलं नव्हतं, मशीन स्वतःच्या पोटातून दाखवत होतं. मी परीक्षा घेतली ती चुकीच्या वर्गात. काकांच्या दर अमावास्येच्या बॅकअपमध्येही फक्त गाणीच असायची, पण तेही त्याच मशीनवर तपासत, म्हणून कधी कळलं नव्हतं. हे कोणाही शिकाऊ मुलाला कळायला हवं होतं.

तरीही नुकसान झालं नसतं. जुनं मशीन तसंच पडून राहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी मी तो फोल्डर शोधून काढला असता. पण माझ्यातला हुशार माणूस जागा झाला. म्हटलं, एकच डिस्क, ती पण तांदळाच्या डब्यात, हे काही खरं नाही. जुन्या मशीनची मोठी डिस्क रिकामी करावी आणि तिच्यावर बॅकअपची दुसरी प्रत करून ठेवावी. काका खूश होतील. मी लायसन आणि गाणी नव्या मशीनवर नेली, तिथली यादी उघडून न बघताच जुनी डिस्क पुसली, तिच्यावर प्रत चढवायला लावली आणि साखरपुड्याच्या बैठकीला गेलो. दुसरी प्रत करण्यासाठी मी मूळच पुसलं. त्यावर नवीन लिहिलं गेल्यामुळे खालचं परत येण्याचा रस्ताही राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "अरे, नाव दिसत नाही."

मी ऑफिसातून गेलो. नवीन मशीनवर यादी उघडली. कंपनीनं दिलेली इंग्रजी नावं ओळीनं उभी होती. एकही आपलं नाव नव्हतं. काय झालं ते मला तिथेच कळलं. काका जेवायला आत गेले होते. वाटीत आमटी ओतल्याचा आवाज मला ऐकू येत होता.

त्या वेळात मी जे केलं ते आधीच्या चुकीहून वाईट. मी काकूंचं एक गाणं उघडलं, आठवेल तसे खटके हलवले, वरचा कर्कशपणा कापला, थोडा घुमारा दिला, आणि ते 'स्वयंपाक झाल्यावर' या नावानं ठेवलं. आठवली ती बाकीची नावंही अशीच अंदाजानं भरून टाकली. 'चिवडा', 'ओला टॉवेल', 'उद्या या'. काका हात पुसत बाहेर आले.

"मिळालं काका. दुसऱ्या जागी गेलं होतं."

ते गादीवर बसले. हेडफोन चढवले. डोळे मिटले. मी नाव दाबलं. काकूंनी पहिली ओळ म्हटली आणि काकांचे डोळे उघडले.

"हे ते नाही."

"तेच आहे काका. नाव बघा."

त्यांनी वाकून नाव वाचलं. "नाव तेच आहे."

"मग?"

"पुन्हा लाव."

मी पुन्हा लावलं. त्यांनी हेडफोन काढून उलटे घातले, डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. पुन्हा ऐकलं. मग हेडफोन काढून स्पीकरवर लावायला सांगितलं.

"तू ऐकून राहिला आहेस ना? तुला तेच वाटतं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. खरं बोलायची ती वेळ होती, अगदी समोर ठेवलेली. मी म्हणालो, "हो काका. मला तर तेच वाटतं. मशीन कशाला बदलेल?"

त्यांनी गाणं थांबवलं. मग दोन्ही कानांच्या पाळ्या चिमटीत धरल्या, तोफखान्याची गोष्ट सांगताना धरत तशा, आणि म्हणाले, "मग मीच."

पुढचं सगळं त्या दोन शब्दांतून झालं. कीर्तनकार आले तेव्हा 'ओला टॉवेल' लावून काकांनी त्यांना ऐकवलं. स्वतःला ते चुकीचं वाटलं, पण आता स्वतःवर भरवसा नव्हता. कीर्तनकारांना विचारलं, "ठीक आहे?" ते बिचारे भिडेखातर म्हणाले, "छान आहे." काकांनी हेही आपल्या विरुद्धचा पुरावा म्हणून घेतलं. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाला, "चाचा, उमर के हिसाब से एकदम बढिया हैं." काका मला म्हणाले, "उमर के हिसाब से म्हणजे काय मालूम आहे? म्हणजे गेले." लग्नाच्या मंगलाष्टकांचं काम आलं ते परत पाठवलं. लोकांना नई सडकवरच्या एका दुकानाचा पत्ता द्यायला लागले. तंबोरा लावून द्या म्हणून कोणी आलं तर म्हणत, "तोफखान्यातल्या माणसाला सूर विचारता? जा, घरी जा." पूर्वी जी गोष्ट छाती फुगवून सांगत, ती आता नकार म्हणून सांगत.

दुपारचं एक गाणं त्यांनी बंद केलं. "तिचा आवाज मला आता बरोबर ऐकू येत नाही," असं त्यांनी माझ्या आईला सांगितलं. "चुकीचा ऐकण्यापेक्षा नको." आईनं ते घरी येऊन मला सांगितलं आणि डोळे पुसले. मी ताटावरून उठलो.

मी त्यांच्या दारावरून जाणं टाळायला लागलो. पुढे सिटी सेंटरला फ्लॅट घेतला, त्याची कारणं सगळ्यांना सांगितली ती खरीच होती, मुलांची शाळा, पार्किंग. पण छावनीतून निघताना सामानाच्या टेम्पोत बसल्यावर मला बरं वाटलं होतं आणि का बरं वाटलं ते मला ठाऊक होतं.

मंडळाच्या गणपतीत मात्र गाठ पडायचीच. पूर्वी काका साउंडच्या टेबलामागे बसत आणि कोणाला हात लावू देत नसत. त्या वर्षी ते शेवटच्या रांगेत बसले होते आणि मला त्यांच्या शेजारचीच खुर्ची मिळाली होती. टेबलामागे भाड्यानं आणलेला माणूस होता. एका मुलीचं गाणं सुरू झालं आणि माइकनं शिट्टी मारली, अशी की पुढच्या बायकांनी कानांवर हात ठेवले. भाड्याचा माणूस फोनवर होता. शिट्टी वाढतच गेली. मी काकांकडे बघितलं. पूर्वी ते शिट्टीच्या आधी उठले असते. ते बसून होते, मान थोडी वाकडी करून. मग त्यांनी शेजारच्या खुर्चीवर वाकून मलाच विचारलं, अगदी हळू, "काही वाजतंय का रे? का माझ्याच कानात आहे?"

"वाजतंय काका. सगळ्यांना ऐकू येतंय."

"अच्छा," ते म्हणाले. "मग ठीक आहे." आणि बसून राहिले.

मी त्या दिवशीच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. माणूस एवढं ऐकूनही कसा घरी जाऊन जेवतो, हे मला माझ्यावरूनच कळलं.

यंदा त्यांच्या मुलीचा फोन आला. ती वयानं माझ्याहून लहान, मला दादा म्हणते. "दादा, मी बाबांना इंदूरला नेऊन राहिले आहे. घर बंद करायचं आहे. बाबा म्हणतात, मशीन तूच बंद करशील, दुसरा कोणी हात लावणार नाही. आ जाओगे ना?" मग म्हणाली, "आता त्यांना खरंच कमी ऐकू येतं. दोन वर्षं झाली. पहिले फक्त म्हणायचे, आता खरं झालं. हेडफोन लावून माइकवर बोललं तर ठीक ऐकतात."

मी दुपारी गेलो. दारात सवयीनं थांबलो, बोललो, "काका, मी आलो." आतून काही आलं नाही. त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. ते खुर्चीत बसले होते, समोर मशीन चालू, भिंतीवरच्या रजयांतून कापूस बाहेर आलेला. मुलगी स्वयंपाकघरात भांडी खोक्यांत भरत होती.

मी त्यांच्यासमोर उभा राहून मोठ्यानं म्हणालो, "काका, मला तुम्हाला काही सांगायचं आहे." त्यांनी हातानंच गादी दाखवली. माइक अजून तिथेच होता. काकूंची जागा. मी घुटमळलो.

"बस. जागाच आहे ती."

मी बसलो. त्यांनी हेडफोन चढवले आणि जुन्या सवयीनं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. माझ्याकडे बघितलं नाही, पडद्याकडे बघत राहिले.

मी सांगायला लागलो. साखरपुड्याच्या बैठकीपासून सुरुवात केली, बायकोचे फोन, लायसन, घाई, ऑफिस. मग लपलेला फोल्डर, मग जुनी डिस्क, मग ते जेवत असताना मी काय केलं ते. बोलून झालं तेव्हा मी रडत होतो. काका पडद्याकडेच बघत होते.

"माइकच्या फार जवळ आलास," ते म्हणाले. "आणि ते साखरपुड्याचं काढून टाक. त्याचा काय संबंध? पुन्हा बोल."

त्यांनी आधीचं पुसलं. मी पुन्हा बोललो. या वेळी बैठक नव्हती, घाई नव्हती. तरी मध्ये मी म्हणालो, "मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल म्हणून." त्यांनी हात वर केला.

"कोणाला वाईट वाटेल म्हणून?"

मी बाहीनं डोळे पुसले.

"ते पण काढ. पुन्हा."

तिसऱ्यांदा बोलायला फारसं काही उरलंच नव्हतं. जे उरलं तेवढं बोललो. त्यांनी रेकॉर्डिंग थांबवलं, हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि त्यांची वायर बोटाला गुंडाळत बसले. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. मुलगी दारात उभी होती. तिनं किती ऐकलं मला माहीत नाही.

"सेटिंग मशीनचं होतं," काका म्हणाले. ऐकू न येणाऱ्या माणसासारखे, गरजेपेक्षा मोठ्यानं. "मशीनचं आज ना उद्या जातंच. ते मी पुन्हा केलं असतं. कान चांगले होते तेव्हा केलं असतं. तेव्हा तू मला कान नाहीत म्हणून बसवलंस. आता तू कान परत देऊन राहिला आहेस, पण आता ते नाहीत."

मी मान खाली घालून बसलो. त्यांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. ते तसं म्हणाले नाहीत आणि मी विचारलं नाही.

त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "ठेवलंस?"

मी उठून बघितलं. फाइल ठेवली गेली होती. नाव विचारण्याची चौकट उघडी होती. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी नाव सांगितलं नाही. मी फाइल तशीच ठेवली, बिनानावाची.

"ठेवलं काका."

त्यांनी हेडफोन पुन्हा कानांवर चढवले, दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरले.

"परत आणून दाखव."

मी बटण दाबलं. त्यांनी डोळे मिटले. हेडफोनमधून बाहेर झिरपणारा माझाच बारीक आवाज मला ऐकू आला: काका, तुम्ही म्हणालात हे ते नाही. ते नव्हतंच. काकूंचं सेटिंग मी पुसलं आणि त्याचं नाव दुसऱ्याला दिलं. तुमचे कान बरोबर होते. मी खोटं बोललो. मला माफ करा.